डोहाकडची वाट आपण का निवडली नाही

वेरसिंग,

शहाद्याच्या शोकसभेत तुला ‘सातपुड्याचा वाघ’ म्हणण्यात आले आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढेही भान ज्यांना नाही, त्यांच्याकडून तुझे वर्णन नीट होईल अशी माझी अपेक्षा नव्हतीच. तरीही पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकून घेतले. म्हसावदच्या स्टँडवर एखादे मोकाट कुत्रे दिसले की जो माणूस मला मध्ये घालून रस्ता ओलांडायचा, तो म्हणे वाघ. डोंगरातल्या कुत्र्यांना तू नावाने ओळखायचास. सपाटीवरच्या कुत्र्यांवर तुझा विश्वास नव्हता. हे सभेत कोणी सांगितले नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या वक्त्याने सांगितले, की वेरसिंग सर आणि पाटील सर यांच्यात इतक्या वर्षांत कधी शब्दाने शब्द वाढला नाही. आपल्यात शब्दाखेरीज दुसरे वाढले काय? एक अख्खा हिवाळा आपण अबोला धरला होता, आणि तरीही महिन्यातून एकदा, तू डोंगरातून उतरून आणि मी लोणखेड्याहून येऊन, म्हसावदच्या त्याच टपरीवर शेजारी-शेजारी बसत होतो. आपल्या डोंगरभटक्या मंडळाची पुढच्या रविवारची वाट ठरवायची जबाबदारी आपल्या दोघांवर होती आणि जबाबदारी टाळणे दोघांच्याही रक्तात नव्हते. म्हणून चहावाल्यामार्फत वाट ठरायची. “त्यांना सांग, या खेपेला वरच्या घाटाने.” “त्यांना सांग, वरच्या घाटात पाणी नाही.” तो बिचारा दोन्हीकडे मान वळवून दमला आणि शेवटी ओरडला, “गुरुजी, तुम्ही दोन्ही जन आपसमा बोला ना! मन्हा चहा उतू जाई ऱ्हायना!” तेव्हा तू हसलास. आधी तू हसलास, मी नव्हे. हेही नोंदलेले असावे.

मंडळ म्हणजे शहाद्याचे शिक्षक, कारकून, दोन-तीन डॉक्टर, एखादा वकील. सकाळी जीपने अक्राणीच्या डोंगरात जायचे, दिवसभर चालायचे, अंधार पडायच्या आत खाली उतरायचे. कोणत्या वाटेने जायचे हे मात्र मंडळाने कधी ठरवले नाही. ते तू ठरवलेस, आणि मी तुला विरोध केला.

तुझी निवडीची रीत मला सुरुवातीला हास्यास्पद वाटे. मी नकाशा पसरायचो, तू त्यावर बशी ठेवायचास आणि चहावाल्याला विचारायचास, “येत्या रविवारी बाजार कोणत्या गावचा?” ज्या गावचा बाजार त्या दिवशी भरणार, त्या बाजाराकडे जाणारी वाट तू निवडायचास, मग ती कितीही रुक्ष असो. डोक्यावर टोपली, काखेत कोंबडी, पाठीशी बांधलेले मूल अशी माणसे सकाळी उतरत आणि उन्हे कलताना पुन्हा चढत; दिवसभर वाटेवर कोणी ना कोणी असे. मी म्हणायचो, “आम्ही डोंगर पाहायला येतो. बाजार पाहायला शहादा काय कमी आहे?” तू म्हणायचास, “मग पाय मोडला की डोंगरालाच सांग, मला उचल म्हणून.”

पुढे आपल्या वकिलांचा पाय खरोखरच मोडला. बाजारातून परतणाऱ्या चौघांनी आपली पाटी-पिशवी दुसऱ्यांच्या हाती दिली, बांबूला चादर बांधून झोळी केली आणि त्यांना सडकेपर्यंत आणून सोडले. वकीलसाहेब झोळीत निजून सुक्या बोंबलांच्या वासाची तक्रार करत होते, कारण ती चादर बाजाराची होती. तू माझ्याकडे पाहिलेस. एक शब्दही बोलला नाहीस. मी तुझ्या त्या न बोलण्याचा राग कित्येक वर्षे मनात ठेवला.

पण हे सगळे मला आज सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्या एका वाटेविषयी, जी तू कधीच निवडली नाहीस. तिच्याविषयी सभेत जे बोलले गेले, ते ऐकून मी आजही आतून जळतो आहे.

तुझ्या गावाखाली नदी आहे. नदीचे नाव मी लिहिणार नाही, गावाचेही नाही. अक्राणीच्या डोंगरात अशा नद्या पुष्कळ आहेत, ज्याला शोधायची असेल त्याने शोधत बसावे. होळीनंतर तिचे पाणी तुटते आणि कड्याच्या पोटाशी एक लांबट डोह तेवढा उरतो. भोवती काळ्या दगडाची सपाट, तापलेली लाद. वरच्या कच्च्या वाटेच्या वळणावरून त्याचा एक निळा कोपरा दिसतो, आणि त्या वळणावर मंडळातला प्रत्येक नवा माणूस थांबून विचारायचा, “सर, ही खालची वाट कधी?”

“तिथं आमचा देव आहे,” तू म्हणायचास. “बूट घालून जात नाहीत.”

“मग बूट काढून जाऊ,” मंडळातले एक डॉक्टर म्हणाले.

तेव्हा तू देवाला चामड्याचा पट्टा चालेनासा केलास. पट्टे काढायला माणसे तयार झाली, तर त्याला रविवार चालेना. पुढे त्याला सपाटीवरची माणसेच चालेनाशी झाली. दर उन्हाळ्यात तो देव अधिक कडक होत गेला, आणि माझ्याखेरीज कोणाला कळले नाही की त्याला नावच नाही. तुमच्या वाघदेवाचे नाव घे, म्हणजे एकदाचे गप्प बसतील, असे मी तुला सुचवले होते. तू भडकलास. “खऱ्या देवाला खोट्यात ओढू? पाटील, तुन्हं डोकं शे का धोंडा?” खोटे बोलायचे म्हणून ज्याने वेगळा देव घडवला, इतका काटेकोर खोटारडा मी दुसरा पाहिला नाही.

मला खरे कारण कळले ते भांडणातूनच. एका चैत्रात मी हट्टाला पेटलो. तुझ्या घरी वहिनींच्या हातची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, हात धुतले आणि म्हणालो, “मी एकटा डोहावर जातो. तुझा देव मला काय करतो ते पाहू.” तू वळणापर्यंत काही न बोलता मागून आलास. मग माझा दंड धरलास. इतका घट्ट, की मी क्षणभर घाबरलो.

“पाटील, तुझ्या घरी मोरीला दार आहे ना?”

“आहे.”

“कोण लावतं?”

मी दंड सोडवायला पाहिले.

“इथं मला लावू दे,” तू म्हणालास.

मग सांगितलेस. पाड्यावरच्या बाया उन्हाळ्यात तिथेच अंघोळ करतात, तिथेच धुणे धुतात. अंगावरचे लुगडे धुऊन लादीवर पसरायचे आणि ते वाळेपर्यंत पाण्यात किंवा कड्याच्या सावलीत बसून राहायचे. कारण दुसरे लुगडे असते ते सणाचे, किंवा नसतेच. उसाच्या तोडीहून परतलेल्या बाया तर पहिले दोन दिवस तिथून हलत नाहीत. ऊन लागते, वेळ लागतो, आणि कोणी पाहत नाही ही खात्री लागते. त्यांच्या दिवसातली तेवढीच घटका अशी, की जिच्यात कोणी त्यांना हाक मारत नाही.

मी तिथेच तुला म्हणालो, की हे सगळ्यांना सांगून टाक. शिकलेली माणसे आहेत, कारण कळले तर शरमतील आणि पुन्हा विचारणार नाहीत. लोक तुला अडाणी समजतात, ते तू का सोसतोस?

“शिकलेली आहेत म्हणूनच सांगत नाही. एक विचारेल, किती वाजता जातात? दुसरा म्हणेल, आम्ही आपले वरूनच बघू, खाली कशाला उतरतो. देवाला फार तर हसतील. हसू देत.”

“तू माणसांना फार हलके समजतोस.”

“आणि तू त्यांना नीट बघितलंच नाहीस, पाटील. तू नेहमी पुढं चालतोस.”

मी कोणाला सांगणार नाही असे तू माझ्याकडून वदवून घेतलेस. त्यानंतर दर उन्हाळ्यात आपण हाच वाद घातला. मी सत्याच्या बाजूने, तू त्या थापेच्या बाजूने. त्याचा निकाल लागायच्या आत तू निघून गेलास, आणि हे मला अजिबात पसंत नाही. वादात एवढा पुढे असताना उठून जाणे ही चांगल्या माणसाची रीत नव्हे.

आता सभेकडे येतो. मंडळाचा सध्याचा अध्यक्ष हेमंत, सुस्वभावी माणूस, पण ज्याला गप्प बसण्याची देणगी नाही, तो उठला आणि मायेने हसत म्हणाला, “आमचे सर एवढे शिकलेले, पण रक्तातल्या समजुती कुठे जातात हो? डोहाचं नाव काढलं की सरांना देव आठवायचा. पुढे गुडघेही दुखायला लागले, मग काय, देवाची सोयच झाली!” लोक हसले. मग त्याने जाहीर केले, की त्याच वाटेला तुझे नाव द्यायचे. दगडांवर पांढरे बाण रंगवायचे, वळणावर तुझ्या नावाची पाटी लावायची, आणि येत्या रविवारी पहिली चाल डोहापर्यंत न्यायची. श्रद्धांजली म्हणून.

तुझ्या नावाने, वेरसिंग. ज्या दाराला तू आयुष्यभर पाठ लावून उभा राहिलास, ते तुझ्याच नावाने सताड उघडायचे.

मी उठलो. माइक हातात घेतला आणि म्हणालो, “हे खोटे आहे. समजुतीचे खोटे, गुडघ्यांचेही खोटे.” हेमंत आदराने म्हणाला, “मग खरं काय, सर? सांगा ना.” आणि मी उभा राहिलो. महाविद्यालयात हयातभर ज्याने कोणाचे वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही, तो मी, भरल्या सभेत तोंड उघडून काही न बोलता उभा होतो. तुला दिलेला शब्द मोडवेना. कोणीतरी मला पाणी आणून दिले. सरांना भरून आले, असे ते समजले. माझ्याविषयी याहून मोठा गैरसमज आजवर कोणी करून घेतलेला नाही.

तेव्हा मागच्या खुर्च्यांतून तुझी लेक रमिला उठली. अंगणवाडीत मुलांना गप्प करायची सवय असलेला तिचा आवाज. तिला माइक लागला नाही.

“तिथं देव-बिव काही नाही. तिथं आम्ही बाया अंघोळी करतो. धुणं धुतो, वाळेपर्यंत बसतो. म्हणून बाबा तुम्हाला नेत नव्हते. पाटी लावू नका, बाण काढू नका.”

आणि खाली बसली. वहिनी तिच्या शेजारी होत्या. त्यांना मराठी फारसे कळत नाही. पण सभा एकदम का गप्प झाली ते कळले असावे, कारण त्यांनी पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

माना खाली गेल्या. हेमंतने हात जोडून क्षमा मागितली. पाटी रद्द झाली, चाल रद्द झाली. दुसऱ्या रांगेतला एक जण तर डोळे पुसत होता. त्या संध्याकाळी लोणखेड्याला घरी जाताना मी रस्ताभर तुझ्याशी बोलत गेलो. पाहिलेस? शरमली ना माणसे? एवढे सोपे होते. मी बरोबर होतो.

माझी पत्नी गेली, तेव्हा तू तेराव्याला आलास आणि सांत्वनाचा एक शब्दही उच्चारला नाहीस. ओसरीवर बसलास आणि म्हणालास, की पुढच्या रविवारी पुन्हा ती बाजाराचीच वाट, तुला आवडो न आवडो. मी चिडलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा मला कशाचा तरी राग आला आणि मी जेवलो. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. सभेहून परततानाच्या त्या विजयाच्या भरात ते मी मानले, मोठ्याने, रस्त्यावर. ऐकले असशील तर ठीक. पुन्हा म्हणणार नाही.

माझा विजय पुढच्या रविवारपर्यंत टिकला.

सोमवारी सकाळी रमिलाचा फोन आला. रविवारी दोन माणसे वळणावरून खाली उतरली, कड्याच्या दगडाआड बसली आणि मोबाइल धरून होती. एका म्हातारीने पाहिले. बायांनी दगड मारले, माणसे पळाली. पण ओली लुगडी गुंडाळून सगळ्यांना तशाच निघावे लागले. रमिलाने दोघांना ओळखले. मीही वर्णनावरून ओळखले. टवाळ पोरे नव्हती ती, वेरसिंग. चांगली पगारदार, मुलाबाळांची माणसे. सभेत दुसऱ्या रांगेत होती. त्यांतला एक डोळे पुसणारा.

“आता बाया कधी जातात?” मी विचारले.

“पहाटे. दिसायच्या आत. पण पहाटे लुगडं वाळतं का, काका? ओलंच नेसून वर येतात. दोघी तापानं पडल्यात.”

मी तिला विचारले, की सभेत सांगितले ते चुकले असे तिला वाटते का. खरे तर मला माझ्यासाठी उत्तर हवे होते. ती फोनवर तडकली.

“माझं काय चुकलं? मी काय वाईट बोलले? चुकलं ते त्यांचं. आणि तुमचं दोघांचं. बाबांनी देव केला, तुम्ही भांडण केलं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी विचारलं, की बायांनो, तुम्हाला काय पाहिजे?”

“काय पाहिजे?” मी विचारले. उशीर झाला होता, पण विचारले.

ती मागे कोणाशी तरी पावरी बोलीत बोलली. मग म्हणाली, “रविवारी वळणावर कोणीतरी बसायला पाहिजे. इतर दिवशी कोणी येत नाही. आमचे पुरुष बसले तर मारामारी होईल. तुम्ही बसा. तुम्हाला भांडता चांगलं येतं.”

माझ्या योग्यतेचे इतके नेमके वर्णन तुझ्या सभेत कोणी केले नव्हते.

“लोकांना काय सांगू?”

“काहीही सांगा. पण आमचं नाव नको. देवाचं पण नको, बाबांनी त्याला फार दमवलं.”

तेव्हापासून दर रविवारी म्हसावदहून पहिली जीप धरतो आणि तुझ्या वळणावर काठी आडवी टाकून दगडावर बसतो. कधी मोटारसायकली येतात, कधी शहराकडची गाडी. “बाबा, डोहकडनी वाट हाईच शे ना?” मी सांगतो, “हाईच शे. पन खाले आग्या मोहोळ शे. परवा दोन जनस्ले फोडी काढं.” तेवढ्यावर माणसे गाडी वळवतात, जाताना वर “बरं झायं सांगं बाबा” असे आभारही मानतात. ज्यांनी तुझ्या देवाला हसून दाखवले, ते मधमाशीला मानतात. ही माझी थाप तुझ्या थापेहून सरस आहे आणि हे तुला कबूल करावे लागेल. हे पत्र छापल्यावर बिंग फुटेल अशी कोणी आशा धरू नये: त्या कड्याला आग्या मोहोळ खरोखरच आहे, तूच मला दाखवले होतेस. दोघांना फोडल्याचे तेवढे मी पदरचे घातले.

मंडळातले ते दोघे एकदा आले. मला पाहून लांबूनच परतले. मी त्यांना हाक मारली, नावाने, मोठ्याने, ती दरीत दोनदा उमटली. ते थांबले नाहीत. हेमंत अधूनमधून फोन करून म्हणतो, की सरांनी वयाचा विचार करावा, ऊन फार आहे. मी त्याला सांगतो, की वयाचा विचार तुम्ही करा, तुमच्या सभासदांच्या.

आणि आपला वाद? माणसांना तू नीट पाहिले होतेस आणि मी पाहिले नव्हते, एवढे मान्य करतो. मी पुढे चालत होतो, हेही. पण सत्य सांगितले म्हणून त्या दोघी तापाने पडल्या, असे जर तू म्हणणार असशील, तर मी ते मरेपर्यंत मान्य करणार नाही. त्या पडल्या त्या दोन पगारदार माणसांमुळे. आपण खरे सांगत राहिलो असतो, दर वर्षी, प्रत्येक नव्या माणसाला, आणि सोबत वळणावर बसलोही असतो, तर कदाचित… पण हे तू ऐकणार नाहीस. तुला मध्येच उठायची सवय लागली आहे.

परवाच्या रविवारी दुपार टळल्यावर बाया वर आल्या, टोपल्या डोक्यावर, एकामागून एक. मी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून बसलो होतो. वहिनी माझ्यापाशी थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला भाकरी वाढली, पाणी दिले. बोलल्या मात्र कधी नाहीत. त्यांनी लुगड्याचा काठ हातात धरून माझ्यासमोर केला.

“वाळलं,” त्या म्हणाल्या.

मी हात लावून पाहिला नाही. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.